नंबर लागला! घरातल्या पहिल्या फोनच्या आठवणी

सायली_मि

परवा दादाचा मेसेज आला, "उद्या लँडलाइन काढायला माणूस येतोय." मी ऑफिसात होते, बरं म्हटलं आणि विसरले. रात्री आईशी बोलले तेव्हा कळलं. तो मुलगा वायर काढणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब रे बाळा, एकदा वाजव." त्याने स्वतःच्या मोबाईलवरून आमचा नंबर लावला. बाबा ८४ वर्षांचे, गुडघे पार गेलेत. खुर्चीतून उठले, भिंतीला धरत धरत आले, रिसीव्हर उचलला, "हॅलो, मिरज" म्हणाले आणि हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "ने आता."

मला रात्रभर झोप लागली नाही.

आमच्याकडे फोन आला १९८८ च्या मे महिन्यात. अर्ज १९८१ चा. सात वर्षं यादीत नंबर होता. त्या सात वर्षांतली एक गोष्ट सांगते.

१९८४ चा श्रावण. आजी चिपळूणला काकांकडे होती. तिन्हीसांजेला गेली. काकांनी तारघरात जाऊन अर्जंट ट्रंक कॉल (ऑपरेटरमार्फत परगावी लावायचा फोन) बुक केला, आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांच्या नंबरवर. कुंभार्ली घाटात पावसाने खांब आडवे झालेले, लाइनच नव्हती. तारही त्याच तारांवरून जाणार. काका रात्रभर तारघराच्या ओट्यावर बसून राहिले आणि पहाटे स्टँडवर जाऊन मिरजेकडे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली. तो माणूस पत्ता विचारत, भिजत आमच्या दारात आला. मी सहा वर्षांची होते. त्याची खाकी पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली मला अजून दिसते. चिठ्ठी त्याने तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. अगदी कोरडी. "आई अत्यवस्थ, लगेच निघ." काकांच्या हातून 'गेली' हा शब्द लिहवला नव्हता. बाबा पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तार तिसऱ्या दिवशी आली.

त्या काळी फोन ही चैनीची वस्तू समजली जायची. सरकारी कागदांवरही आणि लोकांच्या तोंडीही. "तुम्हाला कशाला हवाय फोन, तुमचा काय धंदा आहे?" हे बाबांना प्रत्यक्ष विचारलं गेलंय. मला त्याचा आजही राग येतो. आईच्या मरणाची बातमी वेळेवर कळणं ही चैन कशी?

तुमच्याकडे फोन कसा आला, त्याआधी काय करत होतात, लिहा. बाबांना वाचून दाखवणार आहे.

गवतफूल

सकाळी सकाळी रडवलंस गं. कुकर लावून वाचायला बसले, शिट्ट्या मोजायच्याच राहिल्या. तो कंडक्टर जिथे असेल तिथे सुखात असू दे.

दुपारचा_चहा

आमच्या चाळीत ३२ बिऱ्हाडं आणि फोन एकच, तळमजल्यावर वाण्याकडे. वडिलांच्या व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे कंसात 'पीपी' छापलेलं. वाण्याचा पोऱ्या जिन्याखाली उभा राहून ओरडायचा, "तिसरा माळा कुलकर्णीऽऽ फोन!" आई पीठ भरल्या हातांनी धावायची. हा 'पीपी' म्हणजे नक्की काय, कुणी सांगेल का?

वरणभात

आमच्याकडे 'शेजाऱ्याचा नंबर' असाच अर्थ होता. पूर्ण रूप कुणी विचारलंच नाही.

बाकी माझा अनुभव जरा कडू आहे. वडील शाळेत शिक्षक. १९७९ ला अर्ज. आमच्या आळीत एकांकडे दोन महिन्यांत फोन आला, कारण त्यांना खासदारांच्या कोट्यातून पत्र मिळालं. फोनचा कोटा, गॅसचा कोटा, सगळं तेव्हा असंच होतं. आई वडिलांना म्हणाली, तुम्हीही जा, ते तुम्हाला ओळखतात, त्यांचा पुतण्या तुमचा विद्यार्थी आहे. वडील गेले नाहीत. म्हणाले, "माझ्या पुढे यादीत जे आहेत त्यांच्या डोक्यावर पाय देऊन मला फोन नको." आमचा फोन १९९० ला आला. ११ वर्षं.

मोठेपणी सगळे वडिलांचं कौतुक करतात. पण मी आईची बाजूही पाहिली आहे. त्या ११ वर्षांत मावशीचं बाळंतपण अडलं, रात्री दोन वाजता आई अनवाणी डॉक्टरांच्या घरापर्यंत पळत गेली. परत आल्यावर वडिलांशी आठ दिवस बोलली नाही. दोघंही बरोबर होते असं मला वाटतं. चूक त्या कोट्याची. एकदा यादी केली की ती सगळ्यांना सारखीच लागू हवी होती.

पेणचा_पोहा

@वरणभात तुमच्या वडिलांना साष्टांग नमस्कार. आईंना दोन.

जंपर_वायर

सायलीताई, मी १९७४ पासून निवृत्तीपर्यंत मुंबईत याच कामात होतो. आधी टेक्निशियन, मग वर चढत गेलो. पावसात फोन बंद का पडायचे हे लिहायची खूप दिवसांची इच्छा होती. लोकांना वाटायचं आम्ही कामच करत नाही.

जुन्या केबलला वरून शिशाचं आवरण. आत तांब्याच्या बारीक तारांच्या शेकडो जोड्या आणि प्रत्येक तारेवर कागद गुंडाळलेला. हो, साधा कागद! कोरडा असतो तोवर कागद उत्तम काम करतो. पण शिशाला केसाएवढी चीर पडली, कुणी रस्ता खणताना पहार लागली, की पाणी आत शिरणार. कागद ओला झाला की एका तारेचा आवाज दुसऱ्या तारेत. तुम्ही ज्याला क्रॉस कनेक्शन म्हणायचात ते बऱ्याचदा हेच. मग खरखर, मग मुका फोन. म्हणून मोठ्या केबलमध्ये कोरडी हवा दाबाने भरून ठेवायचो. चीर पडली तर हवा बाहेर येईल, पाणी आत जाणार नाही.

केबल जोडणाऱ्याला आम्ही जॉइंटर म्हणायचो. जुलैच्या पावसात रस्त्यातल्या खड्ड्यावर ताडपत्री बांधून, स्टोव्हवर मेण गरम करून, ते ओल्या जोडावर ओतून तो कागदातली ओल काढायचा. मेण तडतडायचं थांबलं की ओल संपली. मग एकेक जोडी रंग बघून जुळवायची. शेकडो जोड्या, खड्ड्यात उकिडवं बसून, कंदिलाच्या उजेडात. माझ्या एका जॉइंटरची बोटं त्या मेणाने कायमची गुळगुळीत झाली होती. पुढे प्लॅस्टिकच्या वेष्टणाच्या, आत जेली भरलेल्या केबल आल्या तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ही वीस वर्षं आधी का नाही आली?"

एक्स्चेंजचं नंतर लिहितो. नातवाला आणायला जायचंय.

गवतफूल

जंपरकाका, हे माहीतच नव्हतं. कागद!! आम्ही १९८ फिरवून तक्रार करायचो आणि वर चार शब्द सुनवायचो.

खानापूर_रोड

बेळगावहून लिहितोय. आमच्या आत्याचं सासर कित्तूर. राणी चन्नम्माचं कित्तूर. सी-डॉटचं (देशी टेलिफोन एक्स्चेंज तयार करायला काढलेल्या सरकारी संस्थेचं) पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ च्या जुलैत तिथे बसलं. १२८ लाइनींचं. मी कॉलेजात होतो, आत्याच्या यजमानांबरोबर बघायला गेलो. एक्स्चेंज म्हणजे वातानुकूलित इमारत, आत मोठाल्या रॅका, अशी माझी कल्पना. तर साधी खोली, वर पंखा आणि कपाटाएवढी एक वस्तू. एसी नाहीच! मुद्दाम तसं बनवलेलं, कारण खेड्यात धूळ, ऊन आणि जाणारी वीज हे धरूनच चालायचं होतं. परदेशातून आणलेल्या यंत्रांना गारवा लागायचा, आमच्याकडे एसी चालवायला वीज कुठली?

सॅम पित्रोदांनी आणि त्यांच्या टीमने १९८४ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू करताना ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये मागितले होते. तरुण पोरंपोरी, विशी-पंचविशीतली. आजही माझा ठाम विश्वास आहे की या देशात कुठल्याही मोबाईलने केलं नसेल एवढं काम त्या कपाटाने केलं.

शिरवळ_नाका

श्रेय एका माणसाला का? राजीव गांधींनी पाठिंबा दिला म्हणून झालं.

वरणभात

आणि त्याआधीच्या सरकारांनी कोटे वाटले ते कुणाच्या खात्यावर?

खानापूर_रोड

भाऊ, मी 'टीमने' असंच लिहिलंय. जी. बी. मीमांसी होते, टीआयएफआरमधून आलेल्या इंजिनियरांचा गट होता. राजकीय पाठिंबा हवाच होता आणि मिळाला, तेही खरं. पण पाठिंब्याने सोल्डर होत नाही. कुणीतरी रात्री बसून ते सर्किट बोर्ड केले. आपल्याकडे फीत कापणाऱ्याचं नाव राहतं आणि बोर्ड करणाऱ्याचं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पिवळा_बोर्ड

मी वाचतेय फक्त, असं ठरवलं होतं. पण सांगतेच.

माझ्या बाबांना लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय नाही चालत. पीसीओ देताना अपंगांना प्राधान्य होतं, त्यात १९८९ ला रत्नागिरीत आम्हाला बूथ मिळाला. त्याआधी बाबा लोकांच्या घरी जाऊन घड्याळं दुरुस्त करायचे, कुणी पायरीवर बसवायचं, कुणी आतही घ्यायचं नाही. बूथ मिळाला आणि लोक बाबांकडे यायला लागले. रांग लावून. हा फरक ज्याने भोगलाय त्यालाच कळेल.

पिवळा बोर्ड, काळी अक्षरं, एसटीडी आयएसडी पीसीओ. काचेची केबिन, वर एक छोटा पंखा, बाहेर मीटरवर लाल आकडे पळताहेत. बोलणारे त्या आकड्यांकडे बघत बघत बोलायचे. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, तेव्हा खरी गर्दी. बाबा साडेअकराला जेवायचे. मी तिथेच बाकावर अभ्यास केला, दहावी-बारावी दोन्ही.

आमच्याकडची निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे आखातात माणसं असलेल्या घरांतल्या बाया. शुक्रवारी तिकडे सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी तिकडून फोन यायचे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि तिथल्या लाइनी तुटल्या. तरी बाया येत राहिल्या. बाबा सांगायचे, "लागत नाही हो, सकाळपासून प्रयत्न करतोय." त्या म्हणायच्या, "असू दे, बसते." बसायच्या. एक फातिमाचाची म्हणून होत्या, त्या रोज घरून चहाची किटली आणायच्या आणि सगळ्यांना द्यायच्या. सप्टेंबरात एका दुपारी फोन आला, जॉर्डनमधून, अम्मानहून. एअर इंडियाच्या विमानांनी तिथूनच लाखाहून जास्त माणसं आणली ना. त्यांचा मुलगा होता. बाबा कुबडीशिवाय उठले. पडले, पण उठले. चाचींनी रिसीव्हर घेतला आणि बोलल्याच नाहीत, नुसत्या ऐकत राहिल्या. मीटर बंद होता, फोन तिकडून होता, पण बाबांनी पूर्ण वेळ रांगेतल्या कुणालाही हलू दिलं नाही.

आता त्या जागी मोबाईल कव्हरं विकतात. बोर्ड आमच्या माळ्यावर आहे.

कोळंबी_खिचडी

काय लिहू. 🙏

म्हापशाची_मावशी

आमचे हे मस्कतला होते १९८७ ते ९६. म्हापशाहून फोन लावायला सकाळी जायचं. तीन मिनिटांत काय बोलणार? पहिलं मिनिट दोघं "ऐकू येतंय का" करत, दुसरं मी रडत, तिसऱ्यात "पोरांना जप." मग मी घरून कागदावर लिहून न्यायला लागले. पोराचे मार्क, आंब्याला मोहर, सासूबाईंचा गुडघा. तो कागद अजून आहे माझ्या डब्यात.

दुपारचा_चहा

मावशी, किती सुंदर.

एक हलकंफुलकं. फोनला कुलूप कुणाकुणाकडे होतं? आमच्या मामांकडे डायलच्या एकाच्या भोकात पितळी कुलूप असायचं, म्हणजे आलेला घेता येईल पण लावता येणार नाही. आणि वर क्रोशाचं कव्हर.

पेणचा_पोहा

होतं होतं! पण माझ्या मावसभावाला एक युक्ती माहीत होती. रिसीव्हर ठेवायच्या बटणावर टकटक करायचं. तीनसाठी तीनदा, शून्यासाठी दहादा. नीट ताल धरला तर फोन लागायचा! मामांना बिल आल्यावर कळलं.

जंपर_वायर

आलो. पेणकर, तुमच्या भावाने विज्ञानाचा प्रयोगच केला. डायल दुसरं काही करतच नाही. फिरवून सोडली की परत येताना ती लाइनीतला करंट तोडते आणि जोडते, सेकंदाला साधारण दहा वेळा. पाच फिरवलंत की पाचदा तुटतो. बटण दाबूनही तेच होतं.

आणि एक्स्चेंजमध्ये ते तुटणं मोजायला माणूस नव्हता, यंत्र होतं. स्ट्राउजर एक्स्चेंज. त्या प्रत्येक टिकेबरोबर एक दांडा एक पायरी वर चढतो, मग आडवा सरकतो. हजारो दांडे. संध्याकाळी सहा-साडेसहाला गर्दीच्या वेळी त्या हॉलमध्ये उभं राहिलं की पत्र्यावर मुसळधार पाऊस पडल्यासारखा आवाज. मला तो आवाज फार आवडायचा. आवाजावरून कळायचं, कुठे काहीतरी अडकलंय. हे यंत्र शोधलं अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या अल्मन स्ट्राउजर नावाच्या माणसाने, १८९१ चं पेटंट. तो अंत्यविधीचं साहित्य पुरवायचा आणि त्याला संशय होता की ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, अशी कथा आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितली जायची.

उषा_सोलापूर

ऑपरेटर बायांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मी २९ वर्षं ट्रंक बोर्डावर होते. आम्ही कुणाचे कॉल वळवले नाहीत हो. 😊

आधी 'पीपी'. ट्रंक कॉलमध्ये पीपी म्हणजे 'पर्टिक्युलर पर्सन'. ज्याचं नाव दिलंय तोच माणूस फोनवर आला तरच कॉल द्यायचा, त्याचा आकार थोडा जास्त. कार्डावरचं पीपी वेगळं, ते लोकांनी कुठून घेतलं देव जाणे.

ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. अर्जंटला दुप्पट, लायटनिंगला आठपट. कुणी लायटनिंग बुक केला की आम्हाला कळायचं, घरात काय झालं असणार. तीन मिनिटं झाली की "थ्री मिनिट्स" असं सांगावं लागायचं. कुणी रडत असेल तर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. नवीन असताना एकदा मी चार मिनिटं काहीच बोलले नाही, सुपरवायझर बाईंनी बघितलं आणि त्याही गप्प राहिल्या.

१९९३ ची अनंत चतुर्दशी मी विसरणार नाही. रात्रपाळी होती. विसर्जनाची गडबड आटोपून गाव झोपलेलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना खुर्ची हलली. आधी वाटलं मला चक्कर आली. मग बोर्डावरच्या दोऱ्या, त्या प्लगच्या कॉर्ड, सगळ्या एका बाजूला झुलायला लागल्या. आम्ही पाचजणी बाहेर पळालो आणि दोन मिनिटांत परत आत आलो, कारण खिडकीतून दिसत होतं, बोर्डावर दिवे लागत होते. एकामागून एक, पूर्ण बोर्ड. दिवा म्हणजे एक माणूस तिकडे रिसीव्हर धरून उभा. किल्लारीचं नाव तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. लातूरकडून, उमरग्याकडून काही लागेना. दुपारी दोनपर्यंत कुणी उठलं नाही. घरी माझी दोन मुलं होती, शेजारणीकडे फोन नव्हता, त्यामुळे माझ्याच मुलांची खबर मला दुपारी मिळाली.

सायली_मि

उषाताई, हे बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

कलिना_२००५

२६ जुलै. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. वीज गेलेली, मोबाईलचं नेटवर्क बसलेलं. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर जुना लँडलाइन. आईने सहज उचलला तर डायल टोन! खालच्या मजल्यांवरची माणसं आमच्याकडेच आली होती, मग रस्त्यात अडकलेलेही यायला लागले. आईने वहीत नावं लिहायला सुरुवात केली, एकेकाला एक मिनिट. सकाळपर्यंत ६१ नावं झाली. "मी सुखरूप आहे, कलिन्यात आहे, इथल्या काकूंकडे आहे." सगळ्यांचं वाक्य तेच. वीज नसताना फोन कसा चालला?

जंपर_वायर

कारण त्या फोनला तुमच्या घरची वीज लागतच नाही. एक्स्चेंजच्या तळात मोठ्या बॅटऱ्या असतात, ४८ व्होल्टच्या, त्यांचीच वीज त्याच तांब्याच्या दोन तारांतून घरापर्यंत येते. बॅटऱ्या उतरायला लागल्या तर जनरेटर. त्या दिवशी जिथे एक्स्चेंजमध्ये पाणी शिरलं तिथे फोन बंदही पडले, तुमचं एक्स्चेंज कोरडं राहिलं असणार. आता फायबरच्या फोनला घरात डबा लागतो आणि डब्याला वीज. बॅटरी बॅकअप जरूर ठेवा, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर.

कोळंबी_खिचडी

हे लिहून ठेवते. सासऱ्यांच्या घरी फायबर घेतलंय मागच्याच महिन्यात.

अवांतर: जुन्या कनेक्शनचं डिपॉझिट परत मिळतं का? कुणाला अनुभव?

सायली_मि

@कोळंबी आम्ही अर्ज दिलाय. फोनचं यंत्र परत दिल्याची पावती आठवणीने घ्या, ती नसेल तर अडतं असं दादा म्हणाला. जुनी डिमांड नोट बाबांनी जपून ठेवली होती, तीही जोडली. पैसे आले की सांगते.

डोंबिवली_फास्ट_नाही

सगळे लँडलाइनवर लिहिताहेत, मी मोबाईलवर लिहितो. वडील प्लंबर. निरोपाला किराणा दुकानाचा नंबर. दुकानदार भला माणूस, पण त्यालाही गिऱ्हाईक असायचं, निरोप राहायचा. निरोप राहिला की काम दुसऱ्याकडे. "तुम्ही आला नाहीत म्हणून दुसऱ्याला बोलावलं" हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलंय.

१९९५ च्या ३१ जुलैला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच मंत्र्यांच्या घरांतून पुढच्या वर्षी सीबीआयने साडेतीन कोटींच्या वर रोकड जप्त केली. पण आमच्या घराला त्या कॉलचा काही उपयोग नव्हता. तेव्हा बोलायला मिनिटाला १६ रुपये पडायचे आणि आलेला फोन घेतला तरी पैसे जायचे. आमच्यासाठी खरी तारीख १ मे २००३. इनकमिंग फुकट झालं. वडिलांनी त्याच महिन्यात सेकंडहँड फोन घेतला, शर्टाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नळाखाली काम करताना भिजू नये म्हणून. पहिल्या आठवड्यात चार कामं. आईने त्या फोनला हळदकुंकू वाहिलं. माझं इंजिनियरिंग त्या फोनवर झालं असं मी आजही सांगतो. दर ठरवणाऱ्यांना कल्पना नसेल, एका नियमाने किती घरांतली चूल बदलते.

पिवळा_बोर्ड

डोंबिवलीदादा, खरंय. आमच्या बाबांच्या बूथची गर्दी त्याच नियमानंतर ओसरायला लागली. तरी बाबा कधी वाईट बोलले नाहीत. म्हणायचे, "लोकांना आता रांग लावावी लागत नाही, बरंच झालं."

डोंबिवली_फास्ट_नाही

ताई... हा विचार मी कधी केलाच नव्हता. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

पिवळा_बोर्ड

नक्की. ते परत घड्याळं दुरुस्त करतात, आता घरीच. लोक येतात.

शिरवळ_नाका

सकाळी मी राजकारणावर गेलो, सोडा ते. आमच्या गावी फोन आला तेव्हा लाइनमनला आजीने पुरणपोळी वाढली होती आणि त्याच्या हातात हात देऊन विचारलं होतं, "हे बोलणं तारेतून जातं तर पाखरं बसल्यावर त्यांना ऐकू येतं का रे?" त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं, "नाही आजी, आतून जातं."

गवतफूल

😂❤️ आजी!

सायली_मि

बाबांनी सगळे प्रतिसाद ऐकले. जंपरकाकांच्या मेणावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या सोलापूरच्या बाईंना एक विचार." उषाताई, त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत (दादा म्हणजे त्यांचे, आमचे चिपळूणचे काका): "दादाने त्या रात्री आठ वाजता कॉल बुक केला आणि लाइन नव्हती. मग त्या कॉलचं पुढे काय होतं? तो तिथेच संपतो का?"

उषा_सोलापूर

नाही हो काका. संपत नाही.

कॉल बुक झाला की आम्ही एक तिकीट लिहायचो. छोटा छापील कागद. कुठून कुठे, कुठल्या वेळी बुक केला, अर्जंट की साधा. लाइन नसली तर ते तिकीट तसंच राहायचं. दर थोड्या वेळाने ऑपरेटर ती लाइन तपासायची आणि प्रयत्न केल्याची वेळ तिकिटावर लिहायची. पाळी बदलली तर तिकिटं पुढच्या मुलीच्या हातात द्यायची, तोंडी सांगून, की बाई हे अर्जंट आहे, घरात काहीतरी झालंय. घाटातली लाइन तुटली असेल तर दुसऱ्या गावावरून फिरवून जातोय का तेही बघायचो. चिपळूणला त्या रात्री कोण होतं मला माहीत नाही. पण बोर्डावर जी कुणी होती, तिच्यासमोर तुमच्या आईचं तिकीट रात्रभर होतं. बुक करणाऱ्याने स्वतः रद्द करेपर्यंत आम्ही ते बाजूला टाकत नव्हतो.

सायली_मि

वाचून दाखवलं.

बाबा म्हणाले, काकांनी रद्द केला नसणार. ते थेट स्टँडवर गेले होते.

उषा_सोलापूर

मग सकाळपर्यंत कुणीतरी लावत बसली असणार, काका.